आंत्रपुच्छशोथ : निदान व चिकित्सा यांविषयीच्या संशोधनाचा इतिहास

बृहदांत्राच्या (मोठ्या आतड्याच्या) आरंभीच्या पिशवीसारख्या भागाला उंडुक म्हणतात. त्याला लागून असलेल्या, एका टोकास बंद असलेल्या व करंगळीहून बारीक अशा नळीला आंत्रपुच्छ आणि तिच्या शोथाला (दाहयुक्त सुजेला) आंत्रपुच्छशोथ म्हणतात. बोलण्यात ‘ॲपेंडिक्स झाले’ असे जे म्हटले जाते, ते या विकाराला उद्देशूनच होय. उदराच्या तातडीच्या शस्त्रक्रियांमध्ये या विकारासाठी होणाऱ्या शस्त्रक्रियांचे प्रमाण फार मोठे आहे. विकार इतका परिचित असूनही त्याचे निदान केव्हा पक्के मानावे आणि शस्त्रक्रिया केव्हा करावी, हे दोन प्रश्न एका शतकाहून अधिक काळ रुग्णालयीन संशोधनाचे विषय राहिले आहेत. शस्त्रक्रियेस उशीर झाल्यास आंत्रपुच्छ फुटून पू उदरात पसरतो व पर्युदरशोथाने [→ पर्युदरशोथ] रुग्ण दगावू शकतो. घाई केल्यास निरोगी आंत्रपुच्छ काढले जाते. यांपैकी पहिली चूक शवपरीक्षेत उघड होते. दुसरी मात्र रुग्ण बरा होऊन घरी जात असल्यामुळे बहुधा कोणाच्या ध्यानात येत नाही. या विकाराच्या संशोधनाचा इतिहास बऱ्याच अंशी ही दुसरी चूक मोजावयास शिकण्याचा इतिहास आहे.

प्राचीन ग्रीक वैद्य गेलेन यांनी माकडांची विच्छेदने केली होती. त्या माकडांना आंत्रपुच्छ नसल्यामुळे त्यांच्या लेखनात या अवयवाचा उल्लेख आला नाही आणि गेलेन यांचा शब्द प्रमाण मानणाऱ्या पुढील शतकांतही तो आला नाही. लिओनार्दो दा व्हिंची यांनी पंधराव्या शतकाच्या अखेरीस तो चित्रांत दाखविला. इटालियन शारीरविज्ञ बेरेंगारिओ दा कार्पी यांनी १५२१ मध्ये त्याचे वर्णन केले आणि १५४३ मध्ये व्हेसेलियस यांच्या ग्रंथातील आकृत्यांमुळे तो सर्व वैद्यकवर्गास परिचित झाला. आंत्रपुच्छ काढण्याची पहिली नोंदलेली शस्त्रक्रिया मात्र त्या हेतूने झालीच नव्हती. ६ डिसेंबर १७३५ रोजी लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात क्लॉडियस ॲमियंड हे एका अकरा वर्षांच्या मुलाच्या अंतर्गळावर (हर्नियावर) शस्त्रक्रिया करीत असता अंतर्गळाच्या पिशवीत आंत्रपुच्छ आढळले व त्याला एका टाचणीने भोक पाडलेले दिसले. ॲमियंड यांनी ते कापून काढले. भूल देण्याची कोणतीही सोय नसलेल्या त्या काळात हा मुलगा वाचला, हे विशेष होय.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसमधील शवपरीक्षांतून फुटलेल्या आंत्रपुच्छाची काही उदाहरणे पुढे आली. फ्रान्स्वा मेलिये यांनी १८२७ मध्ये अशा रुग्णांची वर्णने प्रसिद्ध करून, निदान वेळेवर झाले तर शस्त्रक्रियेने उपाय करता येईल, असे सुचविले. परंतु त्या काळचे फ्रान्समधील सर्वांत प्रभावी शस्त्रक्रियातज्ञ द्यूपुईत्रां यांचे मत निराळे होते. उदराच्या उजव्या खालच्या भागातील गळवे उंडुकापासून व त्याच्या भोवतीच्या ऊतकांपासून उद्भवतात, असे ते मानीत. त्यांच्या अधिकारामुळे मेलिये यांची सूचना मागे पडली. १८३० च्या सुमारास या विकाराला ‘पेरिटिफ्लायटिस’ (उंडुकाभोवतीचा शोथ) हे नाव मिळाले व पुढील अर्धशतकभर ते टिकले. नाव चुकीचे असले की उपचारही त्या नावाच्या मागे जातात, याचे हे चांगले उदाहरण आहे. आतड्याला विश्रांती देण्यासाठी रुग्णाला अफू देणे, पोटावर शेक देणे व गळू पिकण्याची वाट पाहणे, हा सर्वमान्य उपचार ठरला. अफूने वेदना थांबत आणि वेदना थांबल्यामुळे विकार उलटल्याचा भास होई. न्यूयॉर्कचे विलर्ड पार्कर यांनी १८६७ मध्ये गळू वर येण्याची वाट न पाहता पाचव्या दिवसानंतर छेद घेऊन पू काढण्याचा पुरस्कार केला. पण त्यांचेही लक्ष्य गळू हेच होते, आंत्रपुच्छ नव्हे.

या गोंधळाला विराम देण्याचे श्रेय शस्त्रक्रियातज्ञाकडे नव्हे, तर बॉस्टन येथील विकृतिवैज्ञानिक रेजिनल्ड फिट्झ यांच्याकडे जाते. १८ जून १८८६ रोजी वॉशिंग्टन येथे अमेरिकन वैद्यांच्या संघटनेच्या पहिल्याच अधिवेशनात त्यांनी एक निबंध वाचला. त्यात आंत्रपुच्छ फुटल्याचे सिद्ध झालेले २५७ रुग्ण एका बाजूला व ‘टिफ्लायटिस’ किंवा ‘पेरिटिफ्लायटिस’ असे निदान झालेले २०९ रुग्ण दुसऱ्या बाजूला ठेवून त्यांची लक्षणे ताडून पाहिली होती. दोन्ही गटांतील लक्षणे जवळजवळ एकच निघाली. यावरून हे दोन विकार नसून एकच विकार आहे व त्याचे मूळ आंत्रपुच्छात आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ‘ॲपेंडिसायटिस’ हा शब्द त्यांच्या याच निबंधाने रूढ केला. लॅटिन शब्दाला ग्रीक प्रत्यय जोडल्याबद्दल भाषापंडितांनी नाके मुरडली, आणि ऑक्सफर्डच्या बृहत् इंग्रजी कोशाच्या आरंभीच्या खंडात या शब्दाला स्थान मिळाले नाही. तीव्र वेदना सुरू झाल्यापासून चोवीस तासांनंतर पर्युदरशोथ पसरत असल्याचे दिसले, तर तत्काळ शस्त्रक्रियेचा विचार करावा, असे फिट्झ यांनी सांगितले. स्वतः कधी शस्त्र हाती न धरणाऱ्या वैज्ञानिकाने शस्त्रक्रियातज्ञांना दिलेला हा सल्ला होता. त्यांच्या पद्धतीत एक उणीव मात्र होती. त्यांचे रुग्ण मुख्यतः शवपरीक्षेपर्यंत किंवा गळवापर्यंत पोहोचलेले होते. दोनचार दिवस पोट दुखून आपोआप बरे झालेले रुग्ण या मोजणीत येणे शक्यच नव्हते. त्यामुळे आंत्रपुच्छशोथ म्हणजे शस्त्रक्रिया न केल्यास फुटणारच, अशी समजूत दृढ झाली आणि तिची खरी कसोटी लागण्यास जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली.

ईथरने भूल देण्याची पद्धत १८४६ पासून व लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत १८६७ पासून उपलब्ध होती. त्यामुळे फिट्झ यांचे म्हणणे अमलात येण्यास वेळ लागला नाही. २७ एप्रिल १८८७ रोजी फिलाडेल्फियाचे टॉमस मॉर्टन यांनी आधी निदान करून फुटलेले आंत्रपुच्छ काढले व रुग्ण वाचला. मॉर्टन यांचे बंधू व पुत्र पूर्वी याच विकाराला बळी पडले होते. न्यूयॉर्कच्या रूझव्हेल्ट रुग्णालयातील चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये दाबल्यास सर्वाधिक दुखणारे स्थान निश्चित केले. कमरेच्या हाडाचे पुढच्या बाजूस हाताला लागणारे टोक व बेंबी यांना जोडणाऱ्या सरळ रेषेवर, हाडाच्या टोकापासून दीड ते दोन इंचांवर हा बिंदू येतो. एका बोटाच्या टोकाने दाबून तो शोधावा, असे त्यांचे सांगणे होते. वैद्यकाचे विद्यार्थी आजही तो ‘मॅकबर्नी बिंदू’ म्हणून शिकतात. शिकागोचे जॉन मर्फी यांनी लक्षणांच्या क्रमाकडे लक्ष वेधले : प्रथम वेदना, नंतर मळमळ किंवा उलटी, मग दाबल्यास दुखणे व त्यानंतर ताप. हा क्रम उलटा असेल, तर निदानाविषयी शंका घ्यावी. मर्फी यांनी १९०४ मध्ये आपल्या दोन हजार शस्त्रक्रियांवर आधारलेला लेख प्रसिद्ध केला. मात्र शस्त्रक्रिया न केलेल्या तशाच रुग्णांशी तुलना त्यात नव्हती. ती करावी ही कल्पनाच त्या काळी रुजलेली नव्हती.

याच शिकागोमध्ये ॲल्बर्ट ऑक्सनर यांनी वेगळा मार्ग धरला. पर्युदरशोथ पसरू लागलेल्या रुग्णावर लगेच शस्त्रक्रिया केल्यास तो अधिक संख्येने दगावतो, असे त्यांना दिसून आले. अशा रुग्णाला तोंडावाटे काहीही न देता, जठर धुऊन व बस्तीवाटे पोषण देऊन शोथ एके ठिकाणी मर्यादित होऊ द्यावा आणि नंतर शस्त्रक्रिया करावी, अशी पद्धत त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडली. लंडनमध्ये जेम्स शेरेन यांनी तिचा पुरस्कार केला. आंत्रपुच्छाभोवती गोळा तयार झालेल्या रुग्णांसाठी ही ‘ऑक्सनर–शेरेन पद्धती’ भारतातील शस्त्रक्रियेच्या पाठ्यपुस्तकांतून पुढील अनेक पिढ्यांना शिकविली गेली. दुसऱ्या टोकाला पॅरिसचे द्यूलाफॉय होते. स्वतः शस्त्रक्रियातज्ञ नसूनही, या विकारावर औषधोपचार अशी काही वस्तूच नाही, असे ते ठासून सांगत. दोन्ही पक्षांकडे अनुभव होता, रुग्णांच्या याद्या होत्या आणि आत्मविश्वासही होता. पण याद्यांतील रुग्ण सारखे नव्हते.

१९०२ च्या एका घटनेने हा वाद वैद्यकवर्गाच्या बाहेर गेला. सातवे एडवर्ड यांचा राज्याभिषेक २६ जून रोजी ठरला होता व त्यासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांसह अनेक संस्थानिक इंग्लंडला गेले होते. समारंभाच्या दोनच दिवस आधी, २४ जून रोजी, फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी बकिंगहॅम राजवाड्यात राजावर शस्त्रक्रिया करून आंत्रपुच्छाच्या गळवातील पू काढला. राज्याभिषेक पुढे ढकलून ९ ऑगस्टला झाला. ट्रीव्ह्ज हे स्वतः विकाराचा जोर ओसरल्यावर शस्त्रक्रिया करावी या मताचे होते. १९०० मध्ये त्यांची कन्या याच विकाराने वारली होती. राजाचे आंत्रपुच्छ काढले गेले नाही, केवळ पू काढला गेला, हा तपशील लोकांच्या फारसा लक्षात राहिला नाही. लक्षात राहिली ती शस्त्रक्रिया व विकाराचे नाव.

महाराष्ट्राच्या इतिहासातही या शस्त्रक्रियेला स्थान आहे. येरवड्याच्या तुरुंगात शिक्षा भोगत असलेले महात्मा गांधी १९२४ च्या जानेवारीत आजारी पडले. आंत्रपुच्छशोथाचे निदान झाल्यावर १२ जानेवारीला त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलविण्यात आले आणि त्याच रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. गांधीजींना विश्वासातील डॉक्टर हवे होते. परंतु मुंबईहून किंवा बडोद्याहून ते येईपर्यंत थांबणे धोक्याचे होते. निदान पक्के व्हावे म्हणून थांबण्याची किंमत काय असते, हा प्रश्न येथे एका रुग्णापुरता राहिलेला नव्हता. ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हातून शस्त्रक्रियेत काही विपरीत घडले असते, तर देशभर काय अर्थ लावला गेला असता, याची जाणीव दोन्ही बाजूंना होती. म्हणून भारत सेवक समाजाचे श्रीनिवास शास्त्री यांना बोलावून त्यांच्या समक्ष संमतिपत्र तयार करण्यात आले व गांधीजींनी त्यावर सही केली. शस्त्रक्रिया चालू असता वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. जखम भरण्यास वेळ लागला. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची मुक्तता केली. ससून रुग्णालयातील ती खोली स्मारक म्हणून जतन करण्यात आली आहे.

या काळात निदानाचे साधन म्हणजे डॉक्टरांचे हात, कान व अनुभव एवढेच होते. लंडनच्या झकरी कोप यांनी उदराच्या तातडीच्या विकारांच्या निदानावर १९२१ मध्ये लिहिलेले छोटे पुस्तक अनेक पिढ्यांनी वापरले. निदान निश्चित होण्यापूर्वी रुग्णाला मॉर्फीन देऊ नये, कारण त्यामुळे लक्षणे झाकली जातात, हा दंडक त्यांच्यामुळे दृढ झाला. अफूच्या अतिवापराचा अनुभव पाहता तो समजण्यासारखा होता. पण तो तपासला कोणीच नव्हता. १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये उदरवेदना असलेल्या १०० रुग्णांचे यदृच्छेने दोन गट पाडून एका गटाला अफूजन्य वेदनाशामक व दुसऱ्याला केवळ मिठाचे पाणी टोचण्यात आले. वेदनाशामकाने निदानात चूक वाढली नाही, असे आढळले. म्हणजे सत्तर वर्षे रुग्ण रात्र-रात्र कण्हत पडून राहिले, ते एका न तपासलेल्या नियमामुळे. दुसरी एक घरगुती रूढी मात्र नोंदींच्या आधारे खरोखरच घातक ठरली. पोट दुखले की एरंडेल किंवा अन्य रेचक देण्याची पद्धत आपल्याकडे होती, तशी पाश्चात्त्य देशांतही होती. १९३० च्या दशकात फिलाडेल्फियातील रुग्णालयांच्या नोंदींवरून, रेचक घेतलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण अधिक असल्याचे दाखविण्यात आले आणि त्याविरुद्ध लोकशिक्षणाची मोहीम झाली.

सल्फा औषधे व त्यानंतर पेनिसिलीन आल्यावर मृत्यूचे प्रमाण झपाट्याने घटले. प्रतिजैव पदार्थांनीच हा विकार बरा करता येईल का, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता. इंग्लंडमधील एरिक कोल्ड्री यांनी १९५० च्या दशकात ४७१ रुग्णांवर शस्त्रक्रियेविना उपचार केले. त्यांतील एकच दगावला व सु. १४ टक्के रुग्णांत विकार उलटला. हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि विसरले गेले. शस्त्रक्रिया सुरक्षित झाली होती, ती शिकाऊ डॉक्टरांची पहिली शस्त्रक्रिया ठरली होती, आणि शंभरांत पंधरावीस निरोगी आंत्रपुच्छे निघणे हे दक्षतेचे लक्षण मानले जात होते. तरुण स्त्रियांत हे प्रमाण आणखी अधिक असे, कारण अंडकोशाच्या व गर्भनलिकेच्या विकारांतही वेदना त्याच जागी होतात. निरोगी आंत्रपुच्छ काढलेल्या रुग्णालाही छेदाचा संसर्ग, आतड्याला पडणारे पीळ व कामाचे गेलेले दिवस यांची किंमत मोजावी लागते, हे त्या समाधानात हरवले होते.

या समाधानाला पहिला धक्का संगणकाने दिला. लीड्स येथील शस्त्रक्रियातज्ञ एफ. टी. द दोंबाल यांनी तीव्र उदरवेदनेच्या शेकडो रुग्णांची लक्षणे ठरावीक तक्त्यात नोंदविली व बेझ यांच्या संभाव्यतेच्या सूत्राने प्रत्येक निदानाची शक्यता काढणारा कार्यक्रम तयार केला. १९७२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार ३०४ रुग्णांत संगणकाचे निदान ९१·८ टक्के, तर चमूतील सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरांचे ७९·६ टक्के प्रसंगी बरोबर ठरले. वृत्तपत्रांना यात यंत्राचा विजय दिसला; परंतु महत्त्वाची गोष्ट पुढेच निघाली. प्रयोग चालू असेपर्यंत डॉक्टरांची स्वतःची निदानेही सुधारली व अनावश्यक शस्त्रक्रिया कमी झाल्या. प्रयोग थांबल्यावर सुधारणा ओसरू लागली. तक्ता नीट भरण्याची सक्ती आणि चूक कळण्याची सोय यांनीच बराचसा लाभ दिला होता. १९८६ मध्ये ब्रिटनमधील आठ रुग्णालयांतील १६,७३७ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात प्रथम तपासणीतील अचूक निदान ४५·६ टक्क्यांवरून ६५·३ टक्क्यांवर गेले, आणि अनावश्यक उदरछेद व आंत्रपुच्छ फुटण्याचे प्रमाण ही दोन्ही जवळजवळ निम्म्यावर आली. पहिली चूक कमी करावयाची तर दुसरी वाढणारच, हे जुने गृहीतक या आकड्यांनी खोटे ठरविले. त्याच वर्षी फिलाडेल्फियातील आल्फ्रेदो आल्व्हारादो यांनी ३०५ रुग्णांच्या नोंदींवरून आठ लक्षणे व तपासण्या निवडून दहा गुणांची मोजपट्टी तयार केली. उजव्या खालच्या भागी दाबल्यास दुखणे आणि रक्तातील श्वेत कोशिका वाढणे यांना प्रत्येकी दोन गुण व उरलेल्या सहांना एकेक. कागद, पेन्सिल व साधी रक्ततपासणी एवढ्यावर ती चालते. त्यामुळे महागड्या यंत्रांची सोय नसलेल्या भारतातील अनेक रुग्णालयांत तिचा उपयोग होतो.

प्रतिमादर्शनाने यापुढचा टप्पा गाठला. नेदर्लंड्सचे यूलियन पॉयलार्ट यांनी १९८६ मध्ये श्राव्यातीत ध्वनितरंगांचे साधन पोटावर हळूहळू दाबून सुजलेले आंत्रपुच्छ दाखविण्याची पद्धत मांडली. १९९८ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅचूसेट्स जनरल रुग्णालयात १०० रुग्णांची सीटी तपासणी करण्यात आली. तिच्यामुळे ५९ रुग्णांच्या उपचारांची दिशा बदलली व १३ अनावश्यक शस्त्रक्रिया टळल्या. तरुण रुग्णांना होणारा क्ष-किरणांचा मारा ही या तपासणीची मर्यादा आहे व मुलांत आणि गरोदर स्त्रियांत श्राव्यातीत तपासणीच आधी केली जाते. शस्त्रक्रियेचे तंत्रही दरम्यान बदलले. जर्मनीतील कील येथील स्त्रीरोगतज्ञ कुर्ट सेम यांनी १९८० मध्ये उदरदर्शकाच्या (लॅपरोस्कोपच्या) साहाय्याने लहान छिद्रांतून आंत्रपुच्छ काढले, तेव्हा त्यांच्या देशातील शस्त्रक्रियातज्ञांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठविली. कालांतराने हीच रीत रूढ झाली.

फिट्झ यांच्या काळापासून अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नाची रीतसर तपासणी १९९५ मध्ये स्टॉकहोम येथे अवघ्या ४० रुग्णांवर सुरू झाली. फिनलंडमधील सहा रुग्णालयांच्या अभ्यासात ५३० प्रौढ रुग्णांना यदृच्छेने शस्त्रक्रिया किंवा प्रतिजैव पदार्थ असे दोन गट देण्यात आले. या सर्वांचा विकार गुंतागुंतरहित असल्याचे सीटीने आधी ठरविलेले होते. २०१५ च्या अहवालानुसार औषध घेतलेल्यांपैकी २७·३ टक्के रुग्णांना एका वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करावी लागली आणि पाच वर्षांत ३९·१ टक्के रुग्णांत विकार उलटला. शस्त्रक्रियेच्या गटात जुनी, उघड्या छेदाची रीत प्रामुख्याने वापरली गेल्यामुळे तुलना शस्त्रक्रियेला अन्यायकारक झाली, हा आक्षेप रास्त आहे. अमेरिकेतील २५ रुग्णालयांतील १,५५२ रुग्णांच्या २०२० मधील अभ्यासात औषध घेतलेल्या दहांपैकी सुमारे तिघांना नव्वद दिवसांत शस्त्रक्रिया लागली. आंत्रपुच्छात मलाचा खडा असलेल्यांत हे प्रमाण ४१ टक्के होते. ज्याला हे आकडे सांगितले आहेत अशा रुग्णाला आता निवड करता येते : परीक्षा किंवा पेरणी तोंडावर आलेल्या एखाद्याला औषध घेऊन वेळ काढावासा वाटेल, तर रुग्णालयापासून दूर राहणारा दुसरा एखादा शस्त्रक्रियाच पत्करील. यांपैकी कोणाचीही निवड अविचारी म्हणता येणार नाही.

ऑक्सनर यांनी सुचविलेल्या थांबण्याच्या पद्धतीची तपासणीही फिनलंडमध्येच झाली. गळू शमल्यावर काही रुग्णांचे आंत्रपुच्छ काढावयाचे व काहींवर केवळ लक्ष ठेवावयाचे, असा तो अभ्यास होता. ६० रुग्ण झाल्यावर तो मध्येच थांबवावा लागला, कारण त्यांच्यापैकी सुमारे २० टक्के रुग्णांच्या आंत्रपुच्छात अर्बुद (गाठ) आढळले व ते सर्व रुग्ण चाळीस वर्षांवरील होते. २०१९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यापासून, या वयातील रुग्णाचे आंत्रपुच्छाचे गळू औषधांनी बरे झाले, तरी काही काळाने आंत्रपुच्छ काढून घ्यावे, असा सल्ला अनेक तज्ञ देतात.